धोंडूकाका माळवदावरून पडला नव्हता

नरूला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला चौथं लागलं होतं आणि भिंतीचा आधार सोडून तो एक पाऊल टाकत नव्हता. आता तो नाही. त्याच्यासारखी लेकरं मांडीवर घेऊन ज्या बाया दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या दिसतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी सातवी शिकलेली बाई. औषधांची नावं मला सांगता येणार नाहीत आणि गोड बोलून धीर देणंही फारसं जमत नाही. आमच्या घरात काय झालं तेवढं सांगते.

आधी नाती सांगते, कारण सगळं दुखणं नात्यांतूनच आलं. माझं माहेर पालमजवळच्या खेड्यात, सासर पिंगळीजवळ. माझी सासू ही माझी सख्खी आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी आतेभावाला दिलेली. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट पोरगी आत्याच्या घरी पडली की आईबाप निर्धास्त होतात. भाचीला जाच केला तर भावाला काय तोंड दाखवायचं, असा सासूवरही वचक राहतो. आत्यानं मला कधी उपाशी ठेवलं नाही. टोमणे मात्र पोटभर दिले.

माझ्या पाठची शकू. तिला माझा दीर बबन याला द्यायचं, हे ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ठरलेलं होतं. दोघी बहिणी एका घरात, एका चुलीपाशी. नरू तान्हा असताना शकू माझ्या मदतीला महिना महिना येऊन राहायची. बबन रानातून घरी आला की हिच्या तव्यावरची भाकरी हमखास करपायची. मी चिडवायची, "करपू दे गं, सासूला आत्ताच सवय लागू दे." शकू दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायची. बबनही काही कमी नव्हता. ती आली की त्याला दिवसातून चार वेळा पाणी प्यायला घरी यावं लागायचं.

नवसाचं लेकरू

लग्नानंतर बरीच वर्षं मला दिवस गेले नाहीत. आत्यानं पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला आणि नरू झाला, म्हणून नाव नरहरी. रंगानं सावळा, डोळे मोठे, आणि रडणं कमी. गरीब लेकरू आहे म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं.

त्यानं मान उशिरा धरली. बसला तोही उशिरा, आणि बसला की पोत्यासारखा एका अंगावर कलंडायचा. शेजारणी म्हणायच्या, पोरगं आळशी आहे, बापावर गेलंय. आत्या म्हणायची, "ह्यो पोटात आसताना तू गिरानात इळी हातात घेतली व्हती, म्या डोळ्यानं बगितलं." त्या ग्रहणात मी विळीला हातही लावला नव्हता. पण ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं, की लावला असेल.

अडीच वर्षांचा झाल्यावर तो भिंतीला धरून उभा राहिला. त्या दिवशी मी घरात गूळ वाटला. मग दिसायला लागलं, की उभं राहिल्यावर त्याचं सगळं अंग डुलतं. समोरची वाटी घ्यायला गेला की हात वाटीच्या पुढं जायचा, मग मागं यायचा, मग थरथरत वाटीला धक्का देऊन सांडायचा. बोलणं लांबलचक, चिकटल्यासारखं. पण त्याला सगळं कळायचं. कुणी बोललं की बरोबर जागेवर हसायचा. वाटी सांडली की माझ्या तोंडाकडं बघायचा, मी रागावले का म्हणून. ते बघणं मला सोसायचं नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, मालीश सांगितली. दुसऱ्यांनी चिठ्ठी देऊन औरंगाबादला पाठवलं.

लाल पेन्सिल

मी, नरूचे वडील आणि आत्या, असे तिघं त्याला घेऊन गेलो. डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी एक लाल पेन्सिल धरली आणि नरूला म्हणाल्या, "हिला बोट लाव, मग आपल्या नाकाला लाव." नरूला तो खेळ वाटला. पेन्सिल काही सापडली नाही आणि नाकाला लावायचं बोट त्यानं स्वतःच्या डोळ्यात घातलं. तरी तो हसत होता, कारण बाई हसत होत्या. मी मात्र बघितलं, की बाईंचं हसू नुसतं ओठांवर होतं.

मग तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो झाला. शेवटी बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. मेंदूच्या मागं एक लहान मेंदू असतो, तो तोल सांभाळतो आणि हातापायांना किती जायचं, कुठं थांबायचं ते सांगतो. नरूचा तो भाग पोटातच पुरता घडला नाही. ग्रहणानं नाही, विळीनं नाही, कुणाच्या नजरेनं नाही.

"इलाज काय?" नरूच्या वडिलांनी विचारलं.

"जे घडलंच नाही ते औषधानं घडत नाही," बाई म्हणाल्या. "व्यायाम करू. जेवढं आहे तेवढं टिकवू."

मी रडले नाही. मला आठवतं, मी बाईंच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते आणि मनात एवढंच होतं, की पिंगळीच्या गाडीची वेळ होईल, आता उठायला हवं. माणसाला कुऱ्हाड लागली की आधी दुखत नाही म्हणतात, तसं झालं असावं.

बाईंनी विचारलं, "तुमच्या घराण्यात आधी कुणी असं होतं?"

"न्हाई, न्हाई," आत्या घाईघाईनं म्हणाली. "आमच्या खानदानात आसलं कुनी न्हाई."

मला धोंडूकाका आठवला. वडिलांचा आणि आत्याचा धाकटा भाऊ. मी लहान असताना तो माहेरच्या अंगणात भिंतीला टेकून बसलेला असायचा. हात थरथरायचे, लाळ गळायची, शब्द लांबायचे. मी बाईंना सांगितलं, "एक काका होते तसे. पण ते लहानपणी माळवदावरून पडले होते." आमच्याकडच्या घरांना मातीची सपाट छपरं असतात, त्यांना माळवद म्हणतात. वर जायला शिडी लावतात. लेकरं खेळायला चढतात आणि पडतातही.

बाईंनी विचारलं, "पडायच्या आधी चालत होते का?"

मला ते माहीत नव्हतं. मी आत्याकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग बाईंनी नातं विचारलं आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक कामाला बैलांसारखी जोडी असते, एक आईकडून, एक बापाकडून. एक बैल लंगडा निघाला तरी दुसरा गाडी ओढून नेतो, म्हणून तुम्ही दोघं धडधाकट आहात. नरूला दोन्ही लंगडे आले. "आणि तुमच्या दोघांकडचा तो एकेक लंगडा," बाई म्हणाल्या, "बहुतेक एकाच गोठ्यातून आलेला आहे."

निघताना मी एकटीच मागं वळले आणि विचारलं, माझी बहीण ह्यांच्या भावाला द्यायची ठरली आहे, तिला होईल का असं? बाई म्हणाल्या, होईलच असं नाही, पण होऊ शकतं, आणि आधी तपासून सांगायची सोय आमच्याकडे नाही. "माझी बहीण असती," त्या म्हणाल्या, "तर मी देऊ दिली नसती."

वॉर्डातले दिवस

व्यायाम शिकायला आम्हाला तिथं ठेवून घेतलं. नरूचे वडील पेरणीला परत गेले. सकाळी फरशी पुसणारी बाई उठवायची, मग तापमान, मग दोन लाकडी दांड्यांच्या मधे नरूला उभं करायचं. त्याच्या मनगटाला वाळूच्या लहान पिशव्या बांधायच्या, म्हणजे हात कमी हलतो. तशा पिशव्या बांधून त्यानं पहिल्यांदा आपल्या हातानं चमच्यातला भात तोंडात नेला तेव्हा अर्धा सांडला, अर्धा गेला. मी त्या दिवशी रडले. दुःखाच्या दिवशी डोळ्यांत टिपूस नव्हता आणि अर्धा चमचा भातासाठी मी वेड्यासारखी रडत बसले.

शेजारच्या खाटेवर एक लेकरू होतं, त्याची आई जिंतूरकडची, बौद्ध. बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचं परत पेटलं होतं. एसट्या बंद पडल्या आणि आमचा घरून येणारा डबा थांबला. ती बाई स्टोव्हवर खिचडी करायची, तिनं आम्हाला वाढली. आत्यानं पहिल्या दिवशी "उपास हाय" म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही उपासच. मग नरूला जेवताना ठसका लागला, तो काळानिळा पडला, आणि त्या बाईनं त्याला उचलून पुढं वाकवलं, पाठीवर थापट्या मारून घास काढला. नंतर हनुवटी खाली धरून घास कसा भरवायचा तेही दाखवलं, तिच्या लेकराला गिळायचा तोच त्रास होता. त्या दिवशी आत्या तिच्यासमोर ताट घेऊन बसली. जेवली.

अशा आजारपणात कोण आपलं ते घरी बसून ठरवता येत नाही. एवढं मी खात्रीनं सांगते.

आत्या काय म्हणाली

गाड्या सुरू झाल्यावर आम्ही परतलो. पिंगळीच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीची वाट बघत लिंबाखाली बसलो होतो. दुपार होती, फलाटावर चिटपाखरू नव्हतं. मी विचारलं, "आत्या, धोंडूकाका पडायच्या आधी चालायचा का?"

"तुला काय करायचंय?"

"सांगा."

तिनं फलाटावर कुणी नाही ना ते बघून घेतलं. मग म्हणाली, "त्यो माळवदावर चढलाच कसा आसता, इंदू? त्याला हुबं ऱ्हाता येईना."

मग सगळं सांगितलं. आत्याला स्थळ आलं तेव्हा धोंडू ओसरीवर बसलेला होता. पाहुण्यांनी विचारलं, ह्याला काय झालं. माझी आजी पटकन बोलून गेली, माळवदावरून पडला. तेव्हापासून तेच खरं झालं. आत्याचं लग्न झालं, माझ्या वडिलांचं झालं. सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं, की कोणत्या बाजूनं पडला तेसुद्धा ठरून गेलं.

"आता नरूचंबी तसंच सांगायचं," आत्या म्हणाली. "बाजंवरून पडला म्हनू. शकूची सुपारी फुटू दे. घराची आब्रू हाय. बाहेर कळलं तर तिला कोन करून घील? तूच सांग, कोन घील?"

हा प्रश्न खोटा नव्हता.  गप्प बसले तर शकू माझ्या शेजारच्या खोलीत बाळंत होणार आणि कदाचित तिच्या मांडीवरही एक नरू येणार. बोलले तर दोन्ही घरांचं रक्त चव्हाट्यावर येणार आणि शकूला चांगलं स्थळ मिळणार नाही. मी घरी येऊन नरूच्या वडिलांना विचारलं. ते ऐकून चारा तोडत राहिले. शेवटी म्हणाले, "तू बोललीस तर मी आड येनार न्हाई. पन मला बोलायला लावू नको. त्यो माझा भाऊ हाय."

सुपारी

सुपारी फोडायला आम्ही सगळे माहेरी गेलो. अंगणात सतरंजी, पान-सुपारीचं ताट, भावकीतली चार मोठी माणसं. शकू आत आरशासमोर होती. तिनं माझीच हिरवी साडी नेसली होती. मला म्हणाली, "अक्का, गजरा सरळ हाय का बग." मी सरळ केला. 

आधी मी आतल्या खोलीत वडिलांना एकटं गाठून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलंच नाही. "शिकलेल्या बाया काईबी सांगत्यात," एवढं बोलून ते बाहेर गेले.

अडकित्ता हातात घेतला गेला तेव्हा मी नरूला कडेवर घेऊन उंबऱ्यात आले. बाया तिथं येत नाहीत. सगळे बघायला लागले.

"दादा," मी वडिलांना म्हणाले, "धोंडूकाका माळवदावरून कधी पडला?"

वडील सतरंजीवरून अर्धवट उठले. "इंदू, आत जा."

"जाते. पन ते सांगा आधी. त्याला हुबं ऱ्हाता येत न्हवतं तर शिडी कशी चढला? नरूबी बाजंवरून पडला न्हाई. डाक्टरीनबाईनं सांगितलं, ह्ये आपल्याच रक्तात हाय. दोन्ही घरात. शकूच्या पोटीबी येईल."

बबन उठून गोठ्याकडं निघून गेला. मी आत्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती मला सर्वांसमोर खोटी पाडणार. ती माझ्या मागून अंगणात उतरली, वाकून ताटातली सुपारी उचलली, कमरेच्या पिशवीत टाकली आणि थोरल्या मुलाला म्हणाली, "गाडी जुंप." एवढंच. ती माझ्या बाजूची होती की लाजेनं उठली, ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून नरूचा घास ती स्वतः भरवायची, त्या वॉर्डातल्या बाईसारखी हनुवटी खाली धरून. टोमणेही बंद झाले. मला त्यांची आठवण यायची.

वडील गाडीपर्यंत आले. मला म्हणाले, "पुन्यांदा हितं येऊ नको." शकू दारातसुद्धा आली नाही.

नंतरचं

आत्याचं म्हणणं खरं ठरलं. शकूला स्थळ मिळेना. शेवटी एका बिजवराला दिली, गंगाखेडच्या पलीकडं. मला बोलावणं आलं नाही, दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. तिचा नवरा ऊसतोडीला जातो. माझी शकू, जिच्या हातची भाकरी करपायची, ती दर दिवाळीनंतर कोयता आणि संसार गाडीत टाकून कारखान्यावर जायला लागली. डोक्यावर मोळ्या वाहायला लागली. पालमच्या बाजारात तिला कुणी पाहिलं, की मला सांगायचे, वाळली आहे म्हणून. मी त्यांना म्हणायचे, नका सांगू. आणि पुढच्या वेळी पुन्हा मीच विचारायचे.

बबनचं लग्न बाहेरच्या घरात झालं. त्याची लेकरं अंगणात धावायची आणि नरू त्याच्या वडिलांनी रोवलेल्या बांबूच्या कठड्याला धरून त्यांच्या मागं जायचा. त्याला कधी हेवा वाटला नाही. पडला की जमिनीवरूनच ओरडायचा, "मी... आऽलो... थांऽबा." ती थांबायची. एवढं चांगलं नशीब त्याचं होतं.

आम्ही दुसरं मूल होऊ दिलं नाही. हा निर्णय आम्ही दोघांनी घेतला आणि त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. न बोलण्यानं घरात एक थंडावा येतो, तो राहिलाच.

दहाव्या वर्षी थंडीत नरूच्या छातीत घास गेला. ताप चढला, परभणीला नेलं, ऑक्सिजन लावला. त्याला नळी नको होती, हात वर करून काढायचा प्रयत्न करायचा आणि हात नेहमीसारखा नळीच्या पुढं निघून जायचा. मी तो हात धरून ठेवला. पहाटे हात हलायचा थांबला. तो इतका स्थिर मी कधीच धरला नव्हता, म्हणून मला तेवढ्यावरून कळलं.

कडू घास

घरातल्या माणसाची माती झाली की त्या दिवशी चूल पेटत नाही. दुसऱ्यांनी पिठलं-भाकरी आणायची आणि घरच्यांना बळंच खाऊ घालायची, तो कडू घास. पहिला मान माहेरचा. माझं माहेर बंद होतं. शेजारच्या बाया ताट घेऊन बसल्या, पण मला गिळवेना.

दिवस कलताना दारात शकू उभी राहिली. टेंपो धरून आली होती. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, तळहातांना कोयत्याचे घट्टे. सोबत तीन-चार वर्षांची मुलगी, नाकात शेंबूड, डोक्याला तेल नाही. इतक्या वर्षांनी माझ्या बहिणीला पाहिलं आणि मला ती आमच्या आईसारखी दिसली.

ती माझ्यासमोर बसली, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवून माझ्या तोंडाशी धरली. मी खाल्लं. दुसरा घास धरला. तोही खाल्ला.

तिची मुलगी कंटाळली आणि अंगणात पळायला लागली. कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात सोडून, धडधडत. बायांपैकी कुणी तरी दटावलं, "ए पोरी, बस खाली. दुखाचं घर हाय."

"पळू द्या तिला," कोपऱ्यातून आत्या म्हणाली.

शकूचा हात घासासकट थांबला. ती मुलीकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघता बोलली, "ती पळायलीय ते तुह्यामुळं, ह्ये मला कळतंय, अक्का. दुसरं लेकरूबी आसंच पळतंय. पन माह्या मनातला राग जायना. लय परयत्न केला म्या. न्हाई जात."

नरूला जाळून माणसं परत आल्यापासून मी रडले नव्हते. तेव्हा रडले. तिचे ते घट्टे पडलेले दोन्ही हात, भाकरीसकट, धरले.

"नको जाऊ दे राग," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे. पन तू येत जा."

तिनं हात सोडवून घेतला आणि उरलेला घास माझ्या तोंडात घातला.